झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की सातारा-सांगलीच्या सेवा केंद्रांवर उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेअर यांसाठी गर्दी उसळते. सोमवारी सकाळी शटर वर जातं तेव्हा बाहेर चार-पाच पालक कागदांच्या पिशव्या घेऊन उभे असतात. नेमकी वीज गेलेली असते. शनिवारी संध्याकाळी ८० टक्के चार्ज असताना मिटून ठेवलेला लॅपटॉप बटण दाबलं तरी हूं की चूं करत नाही. केंद्रचालकाचा निष्कर्ष ठरलेला असतो, की बॅटरी गेली. दुपारी तो साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागेत दुरुस्तीवाल्याकडे जातो, दोन-अडीच हजार मोजून नवी बॅटरी टाकून घेतो, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच होतं.

अशा वेळी बॅटरी बहुधा धडधाकट असते. शनिवार ते सोमवार लॅपटॉप स्वतःच ती खात बसलेला असतो. त्याला मालकाने झोपवलेलं असतं, बंद केलेलं नसतं, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत लॅपटॉपची झोप फार हलकी झाली आहे.

जुन्या लॅपटॉपचं झाकण लावलं की प्रोसेसर, डिस्क, वायफाय सगळं थांबायचं. उघडलेलं काम लक्षात ठेवण्यापुरती मेमरीला थोडी वीज मिळायची, बस. तांत्रिक भाषेत या झोपेला एस-थ्री म्हणतात. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने मोबाइलसारखी झोप आणली. पडदा काळा, पण आत वायफाय चालू, मेल येताहेत, अपडेट उतरताहेत, आणि झाकण उघडताक्षणी सगळं हजर. विंडोज १० पासून तिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ असं नाव पडलं. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक विंडोज लॅपटॉपांत हीच झोप असते आणि जुनी झोप निवडायची सोयही अनेकदा नसते. मोबाइलला हे शोभतं, कारण तो आपण रोज रात्री चार्जिंगला लावतो. दप्तरात टाकून दोन दिवस विसरायच्या यंत्राला ही सवय महागात पडते.

किती महागात, ते साध्या हिशेबाने कळतं. सर्वसाधारण लॅपटॉपच्या बॅटरीत ४५ ते ६० वॉट-तास वीज मावते. हा आकडा बॅटरीवरच छापलेला असतो. आपण ५० धरू. झोपलेला लॅपटॉप अर्धा वॉट खात असेल, तर शनिवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी दहापर्यंतच्या ४० तासांत २० वॉट-तास जातात, म्हणजे ४० टक्के. ८० चे ४० उरले. एखाद्या प्रोग्रॅमने आत जाग ठेवली आणि हा खप एक वॉटवर गेला, की त्याच ४० तासांत ४० वॉट-तास संपतात. म्हणजे ८० टक्के, अख्खा साठा. एक वॉट म्हणजे देवघरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढी वीज. तो दिवा दोन रात्री बॅगेत जळत राहिला की पालक दारात ताटकळतात.

हाच लॅपटॉप खरोखर बंद केला असता तर? लिथियम-आयन बॅटरी ठेवल्या जागी महिन्याला दोन-तीन टक्के गमावते. तिच्या आत बसवलेलं संरक्षक सर्किट आणखी जवळपास तेवढंच घेतं. म्हणजे महिन्याला पाच टक्के म्हटलं तरी चाळीस तासांत अर्धा टक्काही उतरत नाही. जुन्या निकेलच्या बॅटऱ्या महिन्याभरात २०-३० टक्के गमवायच्या, त्यामुळे ‘बॅटरी ठेवली की उतरतेच’ हा समज पिढीजात आहे. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि तो समज जुना झाला. आता ठेवलेली बॅटरी भराभर उतरत असेल, तर कोणीतरी ती वापरतंय असंच धरून चालावं.

किती वेळ ठेवायचाय, ते आधी ठरवा

माझा सल्ला असा, की लॅपटॉप मिटताना एकच प्रश्न स्वतःला विचारा. पुन्हा कधी उघडणार?

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवले जातात. एवढ्या वेळासाठी लॅपटॉप खुशाल झोपवा. दीड तासात टक्का-दोन टक्के जातील, पण उघडलेल्या फाइली तशाच हाताशी येतील. जेवणाची सुट्टी, कॉलेजातले दोन तास, बँकेतून जाऊन येणं, सगळ्याला झोप पुरते.

रात्रभर किंवा शनिवार-रविवारसाठी ‘हायबरनेट’ वापरा. हा पर्याय विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आहे, पण नव्या लॅपटॉपांत तो लपवलेला असतो, म्हणून लोकांना माहीतच नसतो. यात मेमरीतलं सगळं काम डिस्कवर लिहून ठेवलं जातं आणि मग लॅपटॉप खराखुरा बंद होतो. उघडल्यावर तुमची अर्धवट भरलेली एक्सेलची शीट आणि वर्डमधली फाइल होती तिथेच असते. एसएसडी असेल तर सुरू व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात, जुन्या हार्ड डिस्कवर मिनिटभर. सी ड्राइव्हवर काही जीबी जागा अडते, तेवढी द्यावी.

तो असा सुरू करा. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडा. डाव्या हाताला ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ अशी ओळ दिसेल, तिच्यावर क्लिक करा. वरच्या बाजूला ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ लिहिलेलं असतं. ते दाबल्याशिवाय खालच्या चौकटी फिकट राहतात आणि माणूस वैतागून परत फिरतो. ते दाबलं की खाली ‘हायबरनेट’पुढे टिक करा. त्याच पानावर झाकण लावल्यावर काय व्हावं ते ठरवण्याचे दोन रकाने आहेत, एक बॅटरीवर असतानाचा आणि एक चार्जरवर असतानाचा. बॅटरीच्या रकान्यात ‘हायबरनेट’ निवडा, चार्जरच्या रकान्यात ‘स्लीप’ राहू द्या. शेवटी ‘सेव्ह’ दाबायला विसरू नका. हा एक बदल केला तरी या लेखातलं निम्मं काम झालं. काही नवे लॅपटॉप झोपेत ठरावीक टक्के उतरल्यावर आपणहून हायबरनेटमध्ये जातात. सगळे जात नाहीत, म्हणून त्या भरवशावर राहू नये.

मॅकबुकवाल्यांना हा त्रास कमी होतो. तिथे सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’, मग ‘ऑप्शन्स’ आणि ‘वेक फॉर नेटवर्क अ‍ॅक्सेस’ बंद करणं सहसा पुरतं.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी असेल, दोन आठवड्यांहून जास्त लॅपटॉपला हात लागणार नसेल, तर मात्र पूर्ण शट डाउनच करावं. आणि इथे एक गोम आहे. विंडोजचं ‘शट डाउन’ हे पुरतं शट डाउन नसतं. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय चालू असते, तिच्यामुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर सुरू होता येतं. त्यात थेट वीज जात नाही, पण काही लॅपटॉपांत नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी पोर्ट यामुळे अर्धवट जागं राहतं. शिफ्टचं बटण दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक केलं की त्या वेळेपुरतं सगळं नीट बंद होतं. कायमचं बंद करायचं असेल तर मघाच्याच पानावर ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’पुढची टिक काढा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपला या सोयीची फारशी गरज उरलेली नाही.

चोर पकडायचा तर

एवढं करूनही चार्जिंग उतरत असेल तर दोन रात्रींची चाचणी घ्या. पहिल्या रात्री चार्जर काढून टक्के कागदावर लिहा, झाकण लावून झोपवा आणि सकाळी पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री तेवढेच तास, पण शिफ्ट दाबून पूर्ण बंद करून. झोपेत दहा तासांना पाच-दहा टक्के गेले आणि बंद असताना काहीच गेलं नाही, तर लॅपटॉप निरोगी आहे, झोपच हलकी आहे. झोपेत वीस-तीस टक्के गेले तर आत कोणीतरी जागं आहे. बंद असतानाही पाच टक्के गेले तर शंका यूएसबी पोर्टवर, मदरबोर्डवर किंवा खुद्द बॅटरीवर घ्यायची.

आतला जागा कोण, हे विंडोज स्वतः सांगतं. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘टर्मिनल’ अ‍ॅडमिन म्हणून उघडा. जुन्या विंडोजवर त्याऐवजी ‘पॉवरशेल’ किंवा ‘कमांड प्रॉम्प्ट’ मिळेल. तिथे इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं लिहा. मग एक मोकळी जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून नुसतं ‘ए’. एंटर दाबलं की तुमच्या लॅपटॉपला कोणकोणती झोप येते त्याची यादी दिसेल. ‘एस-झीरो लो पॉवर आयडल’ असं लिहून आलं तर नवी हलकी झोप, ‘एस-थ्री’ आलं तर जुनी गाढ. नवी असेल तर ‘ए’च्या जागी ‘स्लीप’ आणि ‘स्टडी’ हे दोन शब्द सलग जोडून लिहा. गेल्या तीन दिवसांतल्या प्रत्येक झोपेचा अहवाल तयार होतो. किती वेळ झोप, किती टक्के गेले आणि कोणामुळे, सगळं त्यात असतं. फाइल कुठे ठेवली ते त्याच खिडकीत छापून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडते. अहवाल इंग्रजीत असला तरी घाबरायचं कारण नाही, ज्या नावापुढे सर्वांत मोठा आकडा आहे ते नाव टिपून घ्या.

आपल्याकडच्या कार्यालयांत हे नाव बऱ्याचदा बाहेर लटकत असतं, तेही डोळ्यांसमोर. सेवा केंद्राच्या लॅपटॉपला थंब मशीन जोडलेलं असतं, कर सल्लागाराच्या लॅपटॉपला सहीचं डीएससी टोकन, साखर कारखान्याच्या शेतकी विभागातल्या माणसाच्या लॅपटॉपला नेटचं डोंगल. वायरलेस माउसची नखाएवढी पिन तर कोणी काढतच नाही. झाकण लावताना या वस्तू तशाच राहतात. माउस टेबलावर हलला, त्याच्यावर फाइल पडली, की लॅपटॉप जागा होतो आणि पुन्हा झोपायला काही मिनिटं घेतो. असं दिवसातून चार-सहा वेळा झालं की सगळा हिशेब बिघडतो. घरी जाताना सगळं उपसून एका डबीत ठेवायची सवय लावा. टोकन हरवण्याची भीती असेल तर डबी ड्रॉवरमध्ये कुलपात राहू द्या, तसंही सहीचं टोकन लॅपटॉपला लटकत सोडून जाणं शहाणपणाचं नाही.

याहून छुपा चोर म्हणजे बंद लॅपटॉपवरून मोबाइल चार्ज करायची सोय. डेल तिला ‘पॉवरशेअर’ म्हणतं, लेनोवो ‘ऑलवेज ऑन यूएसबी’. ती चालू असेल तर एका पोर्टला लॅपटॉप बंद असतानाही वीज मिळत राहते, आणि पोर्टात काही खुपसलेलं असेल तर ते ती पीत राहतं. ही सोय बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये बंद करता येते. पावसाळ्यात नदीकाठी राहणाऱ्यांनी मात्र ती बंद करण्यापूर्वी पुढचा ‘वस्तीवर आणि पुरात’ हा भाग वाचावा.

आणखी एक गोष्ट प्रवासाची. पुण्याहून शुक्रवारी रात्री सातारा-कऱ्हाड-सांगलीकडे येणाऱ्या गाड्यांत लॅपटॉपच्या बॅगा खच्चून भरलेल्या असतात. झोपवलेला लॅपटॉप बॅगेत जागा झाला तर पंख्याला हवा मिळत नाही. घरी पोचून चेन उघडली की हाताला चटका बसतो आणि बॅटरी लाल रेघेवर असते. खंबाटकी घाटात गाडी अडकली तर आणखी तासभर भाजतो. बॅगेत घालायच्या लॅपटॉपला नेहमी हायबरनेट करावं किंवा बंद करावं. हा नियम मी बाकी सगळ्यांपेक्षा वर ठेवेन, कारण इथे चार्ज तर जातोच, बॅटरीचं आयुष्यही जातं.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचे नियम इथे चालत नाहीत

आपल्या भागात बॅटरी सांभाळायचं ज्ञान ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरवरून आलेलं आहे. ती शिशाची बॅटरी. ती अर्धवट चार्जवर पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती कामातून जाते. म्हणून घरातली जाणती माणसं सांगतात, ठेवायची तर फुल्ल करून ठेव, मधूनमधून चार्जिंगला लाव. शिशाच्या बॅटरीला हे अगदी बरोबर आहे. लिथियमला नेमकं उलट लागतं. ती पूर्ण भरलेली असताना आत ताण जास्त असतो, आणि उष्णता मिळाली की तिची क्षमता कायमची झिजते. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४० अंशांत वर्षभर ठेवली तर मूळ क्षमतेच्या साधारण ६५ टक्केच उरते. तीच २५ अंशांत ४० टक्के चार्जवर ठेवली तर ९५ टक्क्यांच्या वर उरते. फरक फक्त कुठे आणि किती भरून ठेवली याचा.

अ‍ॅपल आपल्या ग्राहकांना सांगतं, की मॅकबुक बरेच दिवस ठेवायचा असेल तर निम्म्या चार्जवर आणि ३२ अंशांपेक्षा थंड जागी ठेवावा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्मा भरावा. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेत दुपारी पारा ३८-४० वर असतो, जत-आटपाडीकडे त्याहून वर. पत्र्याच्या खोलीतलं किंवा गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट त्याहून तापतं. साताऱ्यात थोडं बरं, महाबळेश्वर-पाचगणीकडे तर चिंताच नाही. सांगलीत ठेवायची जागा म्हणजे घरातली सर्वांत खालची, आतली, उत्तरेची खोली. उन्हात उभ्या गाडीची डिकी मात्र कधीच नाही. फ्रीजमध्येही ठेवू नये. बाहेर काढल्यावर आत पाणी सुटतं.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं टिकायची ती पेव चांगलं होतं म्हणून, आणि आत जाणारी हळद नीट वाळलेली असायची म्हणूनही. लॅपटॉपच्या साठवणीचंही तसंच आहे. ५०-६० टक्के चार्ज, शिफ्ट दाबून शट डाउन, पोर्टांतलं सगळं काढलेलं, आणि गार कोरडी जागा. थिंकपॅड असेल तर बायोसमध्ये ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ असा पर्याय मिळतो. तो निवडला की बॅटरी आतल्या आत तुटते आणि चार्जर लावेपर्यंत जोडली जात नाही. वसतिगृहात लॅपटॉप ठेवून गावी जाणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय नाही.

उलट चूक म्हणजे शून्यावर आलेला लॅपटॉप तसाच कपाटात टाकणं. मार्च २०२० मध्ये वसतिगृहं आणि कार्यालयं घाईघाईने बंद झाली तेव्हा असे कितीतरी लॅपटॉप मागे राहिले. पडद्यावर शून्य टक्के दिसतं तेव्हा आत थोडी वीज शिल्लक असते, पण ती संपायला फार आठवडे लागत नाहीत. सेलचा दाब साधारण अडीच व्होल्टच्या खाली गेला की संरक्षक सर्किट बॅटरीला कुलूप लावतं, आणि दाब आणखी खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं. मूळ चार्जर तासभर लावून ठेवला तर कधीकधी कुलूप उघडतं. उघडलं नाही तर नवी बॅटरी घ्यावी. ‘बाहेरून डायरेक्ट व्होल्टेज देऊन जागी करतो’ असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून लॅपटॉप परत घ्या. विरघळलेलं तांबं आत कुठे साचलंय ते त्यालाही दिसत नसतं आणि अशी बॅटरी नंतर पेट घेऊ शकते.

रोज चार्जरला लावूनच काम करणाऱ्यांनी बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवावी. लेनोवोत ‘कॉन्झर्व्हेशन मोड’, असुसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’, एचपीत बायोसमधला ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’ हेच काम करतो, फक्त थांबण्याचा टक्का मॉडेलनुसार बदलू शकतो.

वस्तीवर आणि पुरात

गावठाणात वीज बऱ्यापैकी टिकते. मळ्यातल्या वस्तीवर घर शेतीपंपाच्या फीडरवर असेल तर वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. तिथल्या विद्यार्थ्याला रात्रीत गेलेले पंधरा टक्के म्हणजे सकाळचा एक तास अभ्यास. त्याने लॅपटॉप झोपवणं पूर्णपणे विसरावं. लॅपटॉप एक तर चालू किंवा हायबरनेटमध्ये. वीज असताना ८० टक्क्यांवर थांबवायचा नियमही त्याने पाळू नये, शंभर भरून घ्यावेत. बॅटरी दोन वर्षांऐवजी दीड वर्षात बदलावी लागली तरी परीक्षा महत्त्वाची.

कृष्णाकाठी हाच अपवाद पुराच्या दिवसांत लागू होतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीकरांना सांगायला नकोत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं; धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाणी चढू लागलं की सुरक्षेसाठी वीज तोडावीच लागते आणि ती दिवसेंदिवस येत नाही. पुलाजवळचं पाणी इशाऱ्याच्या पातळीकडे निघाल्याची बातमी आली की घरातला प्रत्येक लॅपटॉप पूर्ण भरा आणि पूर्ण बंद करा. मघाशी चोर म्हणून हिणवलेली यूएसबीची सोय आता चालू करा. आजच्या मोबाइलची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. ५० वॉट-तासांचा भरलेला लॅपटॉप, घट धरूनही, बंद अवस्थेतच एक मोबाइल जवळपास दोनदा चार्ज करू शकतो. लॅपटॉप चालू ठेवून चार्ज करू नका. पडदा आणि प्रोसेसरच तासाला सहा-आठ वॉट-तास फस्त करतात.

लॅपटॉप भिजलाच तर चार्जर लावून ‘चालतो का बघू’ हा मोह टाळा. बटण दाबून धरून बंद करा, पालथा करून पाणी निथळू द्या आणि खालचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी काढून घेणाऱ्या माणसाकडे न्या. तांदळात पुरून काही साधत नाही, तांदूळ मात्र वाया जातात.

दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी

बॅटरी खरोखर झिजली आहे का, हे दुकानात जाण्याआधी घरी पाहा. मघाच्याच टर्मिनलमध्ये तिरक्या रेघेनंतर ‘बॅटरी’ आणि ‘रिपोर्ट’ हे शब्द सलग लिहा. अहवालात वरच्या बाजूला ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे दिसतील. पहिला कारखान्यातून निघतानाचा, दुसरा आजचा. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ४२,००० असेल, तर बॅटरीत ८४ टक्के जीव आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. दुसरा ३०,००० च्या खाली गेला असेल, किंवा टक्के ४० वरून एकदम ७ वर उडी मारत असतील, तर बॅटरी बदलायची वेळ आली. हा कागद छापून दुकानात न्या. ज्याला तो वाचता येतो तो दुरुस्तीवाला सहसा चांगला असतो.

नवी घेताना आधी कंपनीच्या सेवा केंद्रात भाव विचारा. बाहेरची घेणार असाल तर तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. लिथियम बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. ‘ओरिजिनलसारखीच’ या शब्दावर पैसे देऊ नका.

टचपॅड वर आल्यासारखा वाटू लागला, क्लिक अडकू लागली किंवा झाकण नीट बसेना, तर वाट पाहू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि ती त्याच दिवशी काढून घ्या. दाबून बसवणं, टोचून हवा काढणं हे जीवावरचे खेळ आहेत.

काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबला जाताना ती पिचते आणि पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून नवी घेताना जुनी दुकानदाराने परत घ्यावी असा आग्रह धरा. तोपर्यंत तिच्या जोडणीच्या पिनांवर चिकटपट्टी लावून ती पत्र्याच्या डब्यात, रद्दीपासून लांब ठेवा.